घेणाऱ्याचा हात

नाताळ जवळ आला की देण्याविषयी पुष्कळ बोलले व लिहिले जाते. उपासनेत त्यागाचा महिमा सांगितला जातो, दुकानांतून भेटवस्तूंच्या राशी लागतात आणि महाविद्यालयांतून विद्यार्थी खाऊची पाकिटे घेऊन एखाद्या बालगृहाकडे निघतात. या सर्व गडबडीत घेण्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. देणारा थोर आणि घेणारा लाचार, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकलेली असते. नाताळच्या भेटीचा ख्रिस्ती अर्थ समजून घ्यावयाचा असेल तर प्रथम ही वाटणीच तपासून पाहिली पाहिजे, असे मला वाटते.

या प्रथेचा संबंध मत्तयाच्या शुभवर्तमानातील मागी लोकांच्या कथेशी जोडला जातो. ताऱ्याच्या मागोमाग पूर्वेकडून आलेले हे ज्ञानी पुरुष बेथलेहेमात एका घरी येतात आणि बालकापुढे सोने, ऊद व गंधरस ठेवतात. ते तीन होते असे शुभवर्तमानात कोठेही म्हटलेले नाही. भेटी तीन म्हणून माणसेही तीन, असा हिशेब पुढच्या परंपरेने केला. हिशेबाची ही खोड आपल्यालाही आहे. लग्नात कोणी किती आहेर केला याची वही आपण जपून ठेवतो आणि त्यांच्या घरचे कार्य निघाले की ती उघडतो. मागी लोकांच्या भेटीची अशी वही निघत नाही. अजाण बालकाने परत काय द्यावयाचे? भेट देऊन ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी निघून गेले.

परंतु या कथेकडे आपण नेहमी मागी लोकांच्या बाजूने पाहतो. घरातल्या माणसांच्या बाजूने पाहिले तर? लूक सांगतो की बाळाला मंदिरात नेले तेव्हा मरिया व योसेफ यांनी पाखरांचे अर्पण केले. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशा वेळी कोकरू द्यावयाचे. ज्याची तेवढी ऐपत नसेल त्याला दोन होले किंवा पारव्याची दोन पिले चालत. म्हणजे सुताराच्या या घरी कोकराइतकीही ऐपत नव्हती. अशा घराने परक्या मुलखातल्या माणसांकडून सोने घेतले. ‘आम्हांला कोणाचे काही नको’ असा बाणा दाखविला नाही. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की त्या बालकाच्या रूपाने देव मनुष्य झाला. तसे असेल तर पृथ्वीवर येऊन देवाने प्रथम घेतलेच: आईचे दूध, गव्हाणीतली जागा आणि अनोळखी माणसांची भेट.

पुढेही तसेच घडत गेले. येशू शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, त्यामुळे ती स्वतःच चकित होते. तो एका मुलाजवळच्या पाच जवाच्या भाकरी व दोन मासळ्या घेतो, आणि मरणानंतर त्याला कबरही दुसऱ्याचीच मिळते. बेथानीस मरियेने जटामांसीचे मोलवान तेल त्याच्या पायांस लावले, तेव्हा ते तीनशे दिनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, असा आक्षेप निघाला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा ही जवळजवळ वर्षाची कमाई झाली. आक्षेप वरवर पाहता बिनतोड आहे. तरीही येशूने ती भेट नाकारली नाही. देणारीचा मान त्याने राखला.

आपल्या समाजाने तर हा मुद्दा विशेष ध्यानात घ्यावयास हवा. आपल्याकडे दानाला कधीच तोटा नव्हता. वरच्या जातीने खालच्या जातीला दिले तर कोणाचा धर्म बुडत नसे. ओंजळीत वरून पाणी ओतता येई, उरलेले अन्न उंबऱ्याबाहेर ठेवता येई. धर्म बुडे तो खालच्या हातचे घेतले म्हणजे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील त्यांना हे निराळे सांगावयास नको. नारायण वामन टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहावयास आल्या, तरी कितीतरी दिवस सोवळेओवळे पाळीत राहिल्या. स्वभावाने त्या उदार होत्या. पण दुसऱ्या जातीच्या माणसाच्या हातचे पाणी घेण्यापर्यंत येण्यास त्यांना मनाशी मोठा झगडा करावा लागला. तो संपल्यावरच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मराठी ख्रिस्ती समाजाने याची दुसरी बाजूही भोगली आहे. 1876 ते 1878 च्या दुष्काळात मिशनच्या दाराशी ज्यांनी भाकरी घेतली आणि पुढे बाप्तिस्माही घेतला, त्यांच्या वाट्याला ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा आला. उपाशी माणसाने अन्न घेतले यात त्याचा अपराध कोणता, हे कोणी विचारले नाही. घेणे म्हणजे कमीपणा, हे सर्वांनी गृहीतच धरले होते.

आज आपण बालगृहात जातो तेव्हा तेच गृहीत धरतो काय? मुलांना रांगेत उभे करावयाचे, हातात पाकीट द्यावयाचे, छायाचित्र काढावयाचे आणि तासाभरात परत फिरावयाचे. ज्या संत निकोलसावरून आजचा सांताक्लॉज आला, तो चौथ्या शतकातील मायरा येथील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील बिशप. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्याने रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोने टाकले, अशी आख्यायिका आहे. अंधार एवढ्यासाठी की घेणाऱ्याला कोणाचे तोंड बघावे लागू नये. त्याच्याच नावाने आपण घेणाऱ्याचे छायाचित्र भिंतीवर लावतो, हे बरे नव्हे.

येथे कोणी म्हणेल, घेण्यापेक्षा देण्यात अधिक धन्यता आहे हे येशूचेच वचन नाही काय? आहे, प्रेषितांच्या कृत्यांत पौल इफिसच्या वडिलांना त्याची आठवण देतो. पण त्यातून निघते काय, हे पाहिले पाहिजे. देण्यात जर अधिक धन्यता असेल तर ती सगळी आपल्याकडेच ठेवून घेणे हाही एक लोभच झाला. त्या धन्यतेत दुसऱ्याला वाटा द्यावयाचा तर कधीतरी आपला हात खाली आणि त्याचा वर असला पाहिजे. मात्र घेण्याच्या नावाखाली लाच किंवा हुंडा यांचे समर्थन कोणी करू नये. तेथे भेट नसते, किंमत वसूल केलेली असते.

गोव्यात नाताळच्या फराळाची ताटे ख्रिस्ती घरांतून हिंदू शेजाऱ्यांकडे जातात आणि चतुर्थी-दिवाळीला हिंदू घरांतून ख्रिस्ती घरांकडे येतात. या रीतीत कोणीही कायमचा दाता नाही आणि कोणीही कायमचा याचक नाही. ज्याने काल दिले तो आज दार उघडून ताट घेतो व वर दोन गोष्टी बोलून जातो. आपल्याकडेही शेजारणीचे भांडे रिकामे परत पाठवू नये असे म्हणतात. काही नसले तर त्यात साखर तरी घालतात.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. यंदा बालगृहात जाणाऱ्यांनी पाकिटे जरूर न्यावीत, पण छायाचित्रकाराला घरी ठेवावे. मुलांच्या पंगतीत बसून तेथलेच जेवण जेवावे. एखाद्या मुलाने कागदाचा तारा करून दिला तर ‘तुलाच असू दे’ असे म्हणून तो परत करू नये. तो घ्यावा, त्याचे आभार मानावे आणि खोलीच्या खिडकीत लावावा. मरियेच्या घराने सोने घेतले होते. आपल्याला कागद घेण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.