फास्टिंग चांगली आली, पण...

‘‘फास्टिंग ११० आली, अल्हम्दुलिल्लाह!’’ असे म्हणत अब्बांचा रिपोर्ट कपाटात ठेवून देणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. गोळ्या चालू आहेत, आकडा बरा आहे, मग जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा सुई कोण टोचून घेणार? आणि एचबीए१सी म्हणजे डॉक्टरांनी उगाच वाढवलेला खर्च! पण मधुमेहात माणसाला खरे भोवते ते रक्तवाहिन्यांचे नुकसान. एकट्या उपाशीपोटीच्या आकड्यावरून त्याचा अंदाज नीट लागत नाही.

हा आकडा त्या एका सकाळचा असतो. तपासणीआधी दोन दिवस गोड सोडून आणि भात कमी करून तो बरा आणणारे प्रत्येक घराण्यात एक-दोन सापडतील. एचबीए१सी असे फसत नाही. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून त्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. शाळेच्या भाषेत सांगायचे तर फास्टिंग ही एका दिवसाची तोंडी परीक्षा आणि एचबीए१सी हा तिमाहीचा हजेरीपट. माझा भरवसा हजेरीपटावर.

ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे चाललेल्या यूकेपीडीएस अभ्यासात ५,१०२ रुग्ण होते. एचबीए१सी एका अंकाने कमी, म्हणजे ८ ऐवजी ७ असेल, तर डोळे आणि मूत्रपिंडांच्या बारीक वाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी दिसले, हृदयविकाराचे झटके मात्र १४ टक्क्यांनीच. कारण हृदयाच्या आणि पायांच्या मोठ्या वाहिन्यांना साखरेबरोबर रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि बिडी-तंबाखूही पोखरतात. साखर मोजली म्हणजे सगळे मोजले, असे नव्हे.

जेवणानंतरच्या साखरेचेही महत्त्व आहे. युरोपातल्या डीकोड अभ्यासात (१९९९), मधुमेहाचे निदान न झालेल्या लोकांतसुद्धा, ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांची साखर मृत्यूचा धोका सांगण्यात फास्टिंगपेक्षा सरस ठरली.

एचबीए१सीलाही मर्यादा आहेत. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल, आणि आपल्या किती बायकांचे तसे असते, तर तो खोटा वाढलेला दिसू शकतो. सिकलसेल, थॅलेसेमियातही तो विश्वासाचा नाही. हे डॉक्टरांना आधी सांगावे. बहुतेकांसाठी ७ च्या आसपासचे लक्ष्य ठेवतात. वयस्कर, हृदयरोगी माणसाचा आकडा हट्टाने फार खाली ओढणेही बरे नाही. अमेरिकेतल्या अकॉर्ड अभ्यासात तसे केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले.

वाहिन्यांना इजा सुरू झाली का, हे पाहायला वर्षातून एकदा लघवीतले अल्ब्युमिन, डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना तपासावी. लघवीत अल्ब्युमिन झिरपू लागते तेव्हा बहुधा काहीच त्रास जाणवत नसतो. त्रासाची वाट पाहणाऱ्याला म्हणूनच उशीर होतो.

रमजानच्या दीड-दोन महिने आधी अब्बांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एचबीए१सी करून घ्या. रोजा ठेवावा का, गोळ्यांच्या वेळा कशा बदलाव्यात, ते तिथेच विचारा. रोज्यात बोटाला सुई टोचून साखर तपासली तर रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर इफ्तारची वाट न पाहता रोजा सोडायचा. अब्बा ऐकणार नाहीत, म्हणून हे दोन आकडे अम्मींना सांगून ठेवा.