सक्ती आधी, नियम मागून

रोग्याच्या सहवासात आलेल्यांचा माग काढणारे ‘आरोग्य सेतू’ हे ॲप केंद्र सरकारने २ एप्रिल २०२० रोजी आणले. हेतू लोकहिताचाच होता. १ मे रोजी सरकारी व खासगी कर्मचाऱ्यांवर त्याची सक्ती झाली. जमविलेल्या माहितीविषयीची नियमावली मात्र ११ मे रोजी निघाली. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच! अशा वेळी लोकांनी हात आखडता घेतला म्हणून त्यांना अडाणी ठरविणे अन्यायाचे होय. आपली नोंद कोण पाहील आणि गैरवापर झाल्यास दाद कोठे मागावी, एवढेच ते विचारीत होते. सिंगापुरात ही माहिती केवळ साथीपुरती, असे आश्वासन दिले गेले होते. पोलिसांनाही ती मिळू शकते, हे जानेवारी २०२१ मध्ये तेथील सरकारनेच मान्य केले. १८९७ च्या प्लेगात घरोघर झडती घेणाऱ्या सोजिरांचा पुणेकरांनी धसका घेतला होता. स्वकीय सरकारला त्या पंक्तीस बसविणे आम्हांस मान्य नाही. म्हणूनच त्याने अधिक जपून वागले पाहिजे. साथी पुन्हा येतील. माहिती कशासाठी, किती दिवस आणि कोणाच्या हाती, हे संसदेच्या कायद्याने आधीच ठरलेले असेल, तर हुकूम काढण्याची पाळी सहसा येणार नाही.