शाळेचा डबा : पोट भरावे, मान ताठ राहावी



आळवी नगरीत तथागतांचा उपदेश ऐकायला लोक जमले होते, तेव्हाची कथा आपण विहारात ऐकली असेल. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. सकाळपासून रानोमाळ बैल शोधून तो उपाशीपोटीच सभेला पोहोचला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि त्याचे पोट भरल्यावरच धम्म सांगायला सुरुवात केली. भुकेने व्याकूळ झालेल्या माणसाच्या डोक्यात उपदेश शिरत नाही, हे त्यांनी भिक्खूंना समजावून दिले.

जे धम्माचे, तेच शाळेतल्या धड्याचे. सकाळी चहात दोन बिस्किटे बुडवून गेलेले लेकरू दुपारच्या गणिताच्या तासाला पेंगते आणि आपण म्हणतो, पोराचे अभ्यासात लक्ष नाही. म्हणून या वेळी आम्ही डब्याचा विषय घेतला आहे.

काही पालक म्हणतील की शाळेत खिचडी मिळते, मग डबा कशाला? शालेय पोषण आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांना शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे या योजनेचे प्रमाण आहे. हा आपल्या लेकरांचा हक्क आहे, तो सोडू नये. पण ही योजना सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच आहे. नववी-दहावीला गेलेली मुलगी, ऐन वाढीच्या वयात, या योजनेतून बाहेर पडते. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलालाही ती मिळत नाही. त्यांच्या पोटाचा आधार म्हणजे घरचा डबा.

भाकरीची लाज कशाला?

वस्त्यांमधून फिरताना एक गोष्ट वारंवार कानी येते. मुले म्हणतात, "भाकर नको, पोरं हसतात. चटणीचा वास येतो." मग आई बिचारी पाच-दहा रुपये हातावर ठेवते आणि लेकरू दुकानातून कुरकुऱ्यांची पुडी घेऊन शाळेत जाते. मीठ, तेल आणि मसाला पोटात जातो, अंगी काही लागत नाही.

ज्या ज्वारीला आपली मुले लाजतात, त्या ज्वारीसह सर्व भरडधान्यांचा गौरव म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष साजरे केले. शहरातल्या मोठ्या दुकानांत ज्वारीचे पीठ नटवलेल्या पिशवीत मिळते आणि चांगले शिकलेले लोक ते विकत घेतात. मुलांना हे सांगावे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आया-बहिणींना हेच बजावले होते की मुलांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका, आपण मोठे होणार आहोत ही जिद्द त्यांच्यात निर्माण करा. ज्या बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत तहान लागली तरी शिपायाने वरून पाणी ओतण्याची वाट पाहावी लागली, त्यांच्या लेकरांनी आज डबा झाकून कोपऱ्यात खाऊ नये. सर्वांच्या गोलात बसावे, आपले द्यावे, दुसऱ्याचे घ्यावे.

मात्र नुसते भाषण देऊन मूल डबा खात नाही, हेही खरे. डबा दिसायला चांगला, खायला सोपा आणि रोज वेगळा हवा.

आठवड्याचा डबा

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात जे पिकते त्यातूनच हा आठवडा आम्ही बसवला आहे. ज्या घरी जे असेल तसा बदल करावा.

सोमवार : कळण्याची भाकर. ज्वारीत उडीद घालून दळले की धान्य आणि डाळ एकत्र येतात, एकाची उणीव दुसरे भरून काढते. मोठ्या भाकरीऐवजी तळहाताएवढ्या दोन-तीन कराव्यात. सोबत फल्लीची किंवा जवसाची चटणी, तिखट बेताचे, आणि काकडी.

मंगळवार : मोड आलेल्या मटकीची किंवा बरबटीची कोरडी उसळ व पोळी. सोबत लिंबाची फोड द्यावी. लिंबामुळे डाळी आणि पालेभाज्यांतले लोह अंगी लागते. जेवणासोबत चहा घेतला तर उलट होते, म्हणून जेवणाच्या वेळी मुलांना चहा देऊ नये. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे सरकारी पाहणीत आढळले आहे. त्यामुळे वाढत्या मुलींच्या आयांनी हे ध्यानात ठेवावे.

बुधवार : अंडे. उकडलेले किंवा पोळीत गुंडाळलेली भुर्जी.

गुरुवार : पालेभाजीचे धपाटे. ज्वारी, गहू आणि बेसन एकत्र करून त्यात मेथी, पालक किंवा पावसाळ्यात घोळ बारीक चिरून घालावी. जे मूल भाजी निवडून बाजूला काढते, तेही धपाटे खाते.

शुक्रवार : मुगाच्या डाळीचे धिरडे, त्यात किसलेले गाजर आणि कोथिंबीर. सोबत फल्लीदाणे व गुळाचा एक लाडू.

शनिवार : सकाळची शाळा लवकर सुटते. मुरमुरे, फुटाणे, फल्लीदाणे, बारीक कांदा आणि एखादे फळ. पेरू, बोर, केळी, सीताफळ, संत्री, ज्या हंगामात जे स्वस्त ते.

रात्रीची भाकर उरली तर कांदा, हळद, फल्लीदाणे घालून फोडणीची भाकर करावी. मुले आवडीने खातात आणि अन्नही वाया जात नाही.

सोयाबीन विकतो, खात नाही

चिखली-मेहकरकडे शेतोशेत सोयाबीन उभे असते. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात. तूर-मुगाच्या डाळीत २२ ते २४ ग्रॅम असतात, म्हणजे हे जवळजवळ दीडपट झाले. पण आपण पोते बाजार समितीत नेऊन घालतो आणि घरात एक मूठ ठेवत नाही. दहा किलो दळणात नऊ किलो गहू व एक किलो सोयाबीन घ्यावे. सोयाबीन कच्चे दळू नये, कच्चे ते पचत नाही. वीस-पंचवीस मिनिटे उकळून, कडक उन्हात वाळवून, मग थोडे भाजून दळणात घालावे. पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे मात्र चुकूनही खाण्यात घेऊ नये. ते विष आहे.

अंड्याचा प्रश्न

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम चांगल्या प्रतीची प्रथिने असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शाळेत आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा दुसरे फळ ठेवले होते. तरी काहींनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्याचा निधी बंद केला आणि शाळांनी हवे तर लोकवर्गणीतून द्यावे, असे सांगितले. लोकांचे पोषण सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. ज्याच्या घरी रोज दूध-तूप आहे त्याचे एका अंड्यावाचून अडत नाही, मजुराच्या मुलाचे अडते. ज्यांना अंडे नको त्यांनी खाऊ नये, पण आमच्या लेकरांच्या तोंडचे काढू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

थोडा हिशेब

दोन मुलांना रोज दहा-दहा रुपये दिले तर शाळेच्या २४ दिवसांचे ४८० रुपये होतात. आजच्या साधारण भावाने तेवढ्यात एक किलो फल्लीदाणे, एक किलो फुटाणे, एक किलो गूळ आणि दोन डझन अंडी येतात. गावागावात भाव थोडे कमी-जास्त असतील. पण एका बाजूला महिनाभराच्या पुड्यांचे रिकामे कागद आणि दुसऱ्या बाजूला हे सामान, असे मांडून पाहावे.

डबा कोणी करायचा?

निंदणाला, कापूस वेचायला सकाळीच निघणाऱ्या बाईने डबाही एकटीने करायचा, हा न्याय नव्हे. कडधान्य भिजवणे, भाजी निवडणे, अंडी उकडणे ही कामे बापाला आणि मोठ्या मुलालाही येतात. नसतील येत तर शिकावीत. रात्री भाजी निवडून, पीठ काढून ठेवले की सकाळचा अर्धा तास वाचतो.

काही काळज्या घ्याव्यात. गरम अन्नावर लगेच झाकण लावू नये, वाफेने ते आंबते. डबा स्टीलचा असावा. मार्च-एप्रिलच्या उन्हात ओली भाजी, वरण-भात, उकडलेला बटाटा देऊ नये. कोरडी चटणी, धपाटे टिकतात. अंडे सालासकट द्यावे आणि शक्य तितक्या लवकर खायला सांगावे. पाण्याची बाटली रोज घासावी. जेवणाआधी साबणाने हात धुण्याची सवय लावावी.

शेवटी एक काम सर्वांनी मिळून करायचे आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या भगिनींनी त्या बैठकीला जाऊन नुसती सही करून परतू नये. तांदूळ कसा आहे, डाळ किती पडते, भाजी असते का, सर्व मुले एका पंगतीत बसतात का, हे विचारावे. जयंतीच्या वर्गणीत डीजेचा एक तास कमी केला तर गावच्या शाळेला कितीतरी दिवस अंडी-केळी देता येतील. जयंती मंडळांच्या तरुणांनी यावर बैठकीत जरूर बोलावे.

आपल्या घरी मुलांना आवडणारा डब्याचा पदार्थ कोणता, तो कसा करता, हे पत्राने कळवावे. निवडक पदार्थ याच सदरात देऊ.

जयभीम!