रेडियम, टाकी आणि आपण
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

आधी एक कबुली. आमच्या दिग्रसला इंग्लिश मीडियमच्या कुठल्याही शाळेला 'कॉन्व्हेंट' म्हणतात, मग तिथे नन असोत की नसोत. मी त्याच कॉन्व्हेंटचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पदरात घ्याव्यात. संपादक मंडळाने सांगितलं, "विषय टेक्निकल घे, पण मराठी विभागात लिही," म्हणून हे धाडस.

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एकदा चक्कर मारा. दर तिसऱ्या-चौथ्या गाडीला काहीतरी चिकटवलेलं दिसेल. कुणाची टाकी मॅट ब्लॅक, कुणाच्या मडगार्डवर कार्बन फायबरची जाळी, कुणाचं साइड पॅनेल पोपटी. आणि त्यातल्या निम्म्या गाड्यांचे कोपरे उचकटलेले, आत धूळ बसलेली. यावरून मेसमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते ही नुसती शायनिंग आहे, तेच पैसे टायर आणि ब्रेक शूमध्ये घाला. दुसरी पार्टी काहीच म्हणत नाही, तिच्या हातात हेअर ड्रायर असतो!

माझं मत दुसऱ्या पार्टीच्या बाजूने आहे. टायर गुळगुळीत झाला असेल तर आधी टायर, यात वादच नाही. पण विनाइल फिल्म स्वतःच्या हाताने लावणं हा रिकामटेकडा उद्योग आहे हे मला मान्य नाही. चुकतं ते एवढंच की, आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असून तिथे इंजिनिअरिंग वापरत नाही. मीही वापरलं नव्हतं. त्याची गोष्ट सांगतो.

बाबांची २०१० ची काळी हीरो होंडा स्प्लेंडर मला कॉलेजसाठी मिळाली. टाकीचा रंग पार उडाला होता. फर्स्ट इयर संपल्यावर, मे २०२४ मध्ये, मी ऑनलाइन निळ्या फिल्मचा तुकडा मागवला. व्हिडिओ पाहून झाले होते, त्यामुळे आत्मविश्वास ओसंडून वाहत होता. फक्त हीटगन नव्हती. ती मागायला स्टँडजवळच्या रेडियमवाल्या काकांकडे गेलो.

हे 'रेडियम' प्रकरण काय आहे? आपल्याकडे चिकटणाऱ्या कुठल्याही रंगीत शीटला रेडियमच म्हणतात. खरं रेडियम क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलं. पुढे त्याचा अंधारात चमकणारा रंग घड्याळाच्या डायलवर लावत. अमेरिकेत ते काम करणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी नीट करायच्या, आणि त्यात कित्येकींचा जीव गेला. आपल्या दुकानातल्या शीटमध्ये त्यातलं काहीही नसतं. रात्री चमकणारी शीट चमकते ती बहुधा बारीक काचेच्या मण्यांमुळे, समोरचा उजेड ते जिथून आला तिथेच परत पाठवतात. बाकीची साधी पीव्हीसी. नाव मात्र चिकटून बसलंय, तेही बिनबुडबुड्याचं.

तर काकांनी विचारलं, "काहून रे, पेट्रोल काढलं का टाकीतलं?"

मी म्हटलं, अर्धी टाकी आहे.

"अन् हीटगन मारतो म्हनतं? घर पेटवतं का बे?"

मला तेव्हा राग आला होता. नंतर थर्मलचं पुस्तक उघडलं. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या खाली सुमारे ४० अंश सेल्सिअस. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही दिवशी टाकीच्या तोंडाशी पेट घेण्याजोगी वाफ असतेच. आणि हीटगनच्या तोंडातून ५०० अंशांच्या आसपास तापलेली हवा येते, आत कॉइल लालभडक असते ती वेगळीच. बरं, रिकामी टाकी सुरक्षित असते असं वाटत असेल तर तेही चूक. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचं मिश्रण भरलेलं असतं, ते जास्त वाईट. दहावी पास माणसाने जे एका वाक्यात सांगितलं ते मला दोन सेमिस्टर शिकून सुचलं नव्हतं.

काकांनी हीटगन दिली नाही. वर माझी फिल्म बोटांनी चोळून म्हणाले, "हा माल पाटीचा आहे, टाकीचा नाई." हेही मला नंतर कळलं. विनाइल फिल्म दोन पद्धतीने बनते. एक कॅलेंडर्ड, म्हणजे गरम रोलरमधून पोळीसारखी लाटलेली. लाटताना जो ताण बसतो तो तिच्यात राहतो, म्हणून ती पुढे आकसते आणि कडा सोडते. दुसरी कास्ट, म्हणजे पातळ द्रव पसरून भट्टीत सुकवलेली. ती साधारण ५० मायक्रॉनची, बरीच पातळ आणि शांत, वळणावर बसते. सपाट पाटीला पहिली चालते, टाकीला दुसरीच लागते. दुसरी महाग असते, म्हणून आपण पहिली आणतो आणि मग नशिबाला दोष देतो.

तरी मी ऐकलं नाही. भर मे महिन्यात, अंगणात, बिना हीटगनने टाकीला फिल्म लावली. काळी टाकी उन्हात एवढी तापली होती की हात ठेववेना. गम गरम असला की फिल्म पहिल्याच स्पर्शाला पकडते, उचलून परत लावायची सोय राहत नाही. ज्या कामाला वीस-पंचवीस अंश तापमान आणि बंद खोली पाहिजे, ते मी दिग्रसच्या लूमध्ये केलं. फिल्मखाली धुळीचे एवढे कण गेले की टाकीला घामोळं आल्यासारखं दिसत होतं. आई म्हणाली, "छान आहे." आई काहीही छान म्हणते.

महिनाभरात गुडघा टेकतो तिथल्या खोलगट भागात फिल्म उचलली. का? याचं उत्तर फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगमध्ये आहे. डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस आठवतं? सिलिंडर आणि कोन कागदावर उलगडतात, गोल उलगडत नाही. दोन्ही बाजूंनी वळलेल्या पृष्ठभागावर सपाट कागद न ताणता, न चुरगळता बसूच शकत नाही, हे गाऊसने १८२७ मध्ये सिद्ध करून ठेवलंय. टाकी तशीच दोन्ही बाजूंनी वळलेली. म्हणजे फिल्म ताणावीच लागते. ताणली की ती परत मूळ आकाराकडे ओढ घेते. लावून झाल्यावर तिला ९० अंशांच्या वर तापवलं तर तो ताण बराच निघून जातो. ते मी केलंच नव्हतं, आणि पेट्रोल भरलेल्या टाकीवर करायलाही नको होतं. टाकीच्या झाकणाजवळ तर पेट्रोल सांडून गम लोण्यासारखा झाला होता.

म्हणून माझं ठाम मत असं की, टाकी घरी करूच नये. साइड पॅनेल करा, मडगार्ड करा, हेडलाइटची वायझर करा. गाडीवर नाही, काढून, टेबलावर. मडगार्ड प्लास्टिकचं असेल तर मागचा शिक्का पहा. एबीएस असेल तर फिल्म छान धरते. पीपी लिहिलेलं असेल तर जपून, पॉलिप्रॉपिलीनला गम चिकटायला नाखूश असतो, कडेला प्रायमर लागतो. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारण वॉशिंग सेंटरवाले जे चकाचक पॉलिश मारतात त्यातल्या सिलिकॉनवर काहीही टिकत नाही. कटर थेट रंगावर चालवू नका. आणि सी-ब्लॉकमधल्या ज्या महाभागांनी खोलीत लायटरने फिल्म गरम केली त्यांना हात जोडून विनंती, जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते. रूममेटच्या छातीत जाते ती.

आता पुढचं. जुलै २०२५ मध्ये गाडीला १५ वर्षं झाली, रजिस्ट्रेशन नव्याने करायचं होतं. आर.सी.वर रंग काळा, गाडी निळी. आरटीओपुढे न्यायच्या आधी फिल्म काढायला बसलो. कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग सहसा फिल्मबरोबर येत नाही, हे वाचलं होतं. पण डाव्या बाजूला फिल्मबरोबर तळहाताएवढा रंग सोलून आला, आणि खाली लांबी भरलेली दिसली. म्हणजे तो रंग कंपनीचा नव्हताच. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "दारव्हा रोडवर पडलो होतो. तू चौथीत होतास. हाताला प्लास्टर होतं ते, तुला सांगितलं होतं की पायरीवरून घसरलो."

मला ते प्लास्टर आठवलं. मी त्यावर स्केचपेनने विमान काढलं होतं.

असो. नंबर प्लेटसाठी पुन्हा काकांकडे जायची सवय, पण आता ते काम त्यांच्याकडे नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती लावायला सांगितली. होलोग्राम, लेझरचा नंबर, न निघणारं लॉक. चोरीच्या गाड्यांसाठी नियम बरोबरच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण तालुक्याच्या गावातल्या रेडियमच्या दुकानाचा रोजचा गल्ला नंबर प्लेटवर चालायचा, ही गोष्ट कुणाच्या हिशेबात आली नाही. काका आता मोबाइलच्या मागे स्किन लावतात आणि ट्रॅक्टरवर नावं लिहितात. त्यांचा हात मात्र अजून तसाच, एका दमात फिल्म बसवतात, स्क्वीजी मधून कडेकडे, कुठे थांबायचं ते बोटांना माहीत.

आपल्याकडे दर सेमिस्टरला एक्सपर्ट लेक्चर होतं. पुण्याहून, नागपूरहून पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, आपण मागच्या बाकावर झोपतो. एखाद्या शनिवारी अशा एखाद्या रेडियमवाल्याला का बोलवू नये? मानधन द्या आणि वर्कशॉपमध्ये उभं करा. तसंच रविवारी सकाळी वर्कशॉपचा एक कोपरा विद्यार्थ्यांसाठी उघडा ठेवला तर? खिडक्या मोठ्या आहेत, अग्निशामक सिलिंडर भिंतीला आहे, टेबल आहेत. लागेल ती एक हीटगन आणि लक्ष ठेवायला एक लॅब असिस्टंट. नाहीतर हे काम थांबणार नाहीच, ते सी-ब्लॉकमध्ये लायटरवर चालू राहील. प्राचार्य सर आणि वर्कशॉप सुपरिंटेंडेंट सरांनी यावर विचार करावा.

बाबांची गाडी सध्या दिग्रसलाच आहे, लांबीच्या जागी रंगाचा हात मारलेली, आर.सी.प्रमाणे काळी. दोन्ही साइड पॅनेल मात्र मी काढून इकडे आणली आहेत, खोलीत कॉटखाली ठेवली आहेत. वॉर्डन सरांनी हा लेख वाचलाच तर एवढंच सांगतो, सर, हीटगन माझ्याकडे नाही.