घरच्या व्यवसायासाठी ओपन सोर्स सॉफ्टवेअर घेताय? आधी त्यातली ‘जोड ॲप्स’ समजून घ्या

दुकानाचा हिशेब, माल, कामगारांचा पगार आणि जीएसटी हे सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये मिळालं तर किती बरं, असं तुम्हालाही वाटतं ना? मग कुणीतरी ईआरपीनेक्स्टचं नाव सुचवतं. तुम्ही ते सुरू करता आणि पहिलाच प्रश्न पडतो, ‘यात पगाराचा भाग कुठे आहे?’

तो आहे, पण वेगळ्या ॲपमध्ये. असं का, ते आज बघूया.

आधी सगळं एकत्र होतं

ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. म्हणजे त्याचा कोड खुला आहे, तो कुणीही वापरू शकतं आणि बदलूही शकतं. पूर्वी हिशेब, साठा, खरेदी-विक्री यांच्यासोबत दवाखाना, शाळा, हॉटेल, शेती यांचे भागही त्यातच होते. २०२२ मध्ये १४वी आवृत्ती आली, तेव्हा हे खास भाग बाहेर काढून त्यांची स्वतंत्र ॲप्स केली गेली. कर्मचारी आणि पगार ‘फ्रॅपे एचआर’मध्ये गेले, तर जीएसटीचं काम ‘इंडिया कम्प्लायन्स’कडे आलं.

अपाची ओएफबिझ या जुन्या ओपन सोर्स प्रकल्पानेही हाच मार्ग घेतला. तिथली खास कामांची ॲप्स आता मुख्य कोडपासून वेगळी, ‘प्लगिन्स’ म्हणून ठेवली जातात.

वेगळं करून फायदा काय?

चकलीचा सोऱ्या आपण रोज ओट्यावर ठेवत नाही, तसंच हे. किराणा दुकानदाराला रुग्णांची नोंद कशाला हवी? नको ते भाग गेले की स्क्रीन सुटसुटीत होते.

दुसरा फायदा वेळेचा. जीएसटीचे नियम बदलले की दुरुस्ती लगेच हवी असते. ॲप वेगळं असेल, तर मुख्य सॉफ्टवेअरच्या मोठ्या आवृत्तीची वाट न पाहता ती देता येते.

यात एक नियम मात्र पाळावा लागतो. जोड ॲप मुख्य सॉफ्टवेअरवर अवलंबून असलं तरी चालतं, पण मुख्य सॉफ्टवेअर जोड ॲपवर अवलंबून नको. तरच एखादं ॲप काढल्यावर बाकीचं काम अडत नाही.

धोका कुठे आहे?

दिवाळीच्या आदल्या दिवशी सोऱ्या काढावा आणि चकतीच सापडू नये, तसं इथेही होऊ शकतं. मुख्य सॉफ्टवेअर पुढच्या आवृत्तीवर जातं, पण जोड ॲप सांभाळणारं कुणी नसेल तर ते मागेच राहतं. मग महिन्याच्या एक तारखेला पगारपत्रकं निघत नाहीत, किंवा क्लिनिकमध्ये रुग्णाची जुनी नोंद उघडत नाही. त्याचा त्रास तुमच्या माणसांना होतो.

निवडण्याआधी हे तपासा

• आवृत्ती जुळते का? मुख्य सॉफ्टवेअर १५वं असेल, तर ॲपही १५ साठीचंच हवं.

• ॲप कोण सांभाळतं? कोडमध्ये शेवटचा बदल कधी झाला ते पाहा. कोड खुला असल्याने हे कुणालाही दिसतं.

• कुठे बसवलंय? ईआरपीनेक्स्टमध्ये एकाच सर्व्हरवर अनेक साइट असू शकतात. ॲप सर्व्हरवर आणलं, तरी प्रत्येक साइटवर ते वेगळं बसवावं लागतं.

• आधी बॅकअप, मग अपडेट. बॅकअपवरून एक चाचणी साइट तयार करा, तिथे एक पगारपत्रक आणि एक बिल काढून बघा. जमलं, तरच खऱ्या साइटला हात लावा.

• खर्च विचारून घ्या. सॉफ्टवेअर मोफत असलं तरी सर्व्हर आणि बसवून देणाऱ्याची फी लागतेच. प्रत्येक जोड ॲपची देखभाल त्या फीमध्ये आहे का, ते लिहून घ्या.

सुरुवात हिशेब आणि साठ्यापासून करा. ते अंगवळणी पडलं की पगाराचं ॲप जोडा, मग गरजेप्रमाणे पुढचं. आणि कोणतं ॲप कशासाठी बसवलं, याची यादी घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी नक्की ठेवा. तुम्ही गावाला गेलात, तरी दुकान थांबायला नको!