मतपेटी उघडल्यानंतर

भिलाई महानगरपालिकेच्या सत्तर वॉर्डांचे मतदान २० डिसेंबर २०२१ रोजी झाले आणि तीन दिवसांनी, गुरुवारी, मतपेट्या उघडण्यात आल्या. भिलाईतून अलग केलेल्या रिसाली महानगरपालिकेची तर ही पहिलीच निवडणूक. दोन्हीकडे मतदान यंत्रावर नव्हे, कागदी मतपत्रिकेवर झाले होते. ज्यांना आपण नगरसेवक म्हणतो आणि तिकडे पार्षद म्हणतात, त्यांचे भवितव्य अशा रीतीने कागद उलगडणाऱ्या हातांवर व तो पाहणाऱ्या डोळ्यांवर सोपविलेले होते.

मोजणीच्या खोलीत पहिले काम मते मोजण्याचे नसतेच. पेटीचे मोहोर उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवितात. मग आतील मतपत्रिकांची नुसती संख्या मोजतात आणि केंद्राध्यक्षाने मतदान संपताच लिहून ठेवलेल्या हिशेबाशी ती ताडून पाहतात. गृहिणी धोब्याकडून आलेले कपडे आधी वहीशी मोजून घेते आणि डाग मागाहून पाहते, तसेच हे. त्यानंतर उमेदवारवार गठ्ठे लागतात आणि संशयास्पद मतपत्रिका बाजूस काढल्या जातात.

खरा कस या बाजूस काढलेल्या कागदांपाशी लागतो. दोन उमेदवारांपुढे शिक्का असेल तर मत बाद; कोठेच नसेल तरी बाद; मतदाराने भाबडेपणाने आपली सही केली असेल तर गुप्ततेचा भंग म्हणून तेही बाद. मात्र एकाच उमेदवारापुढे शिक्का दोनदा उमटला किंवा पुसट उठला, एवढ्यानेच मत वाया जात नाही. मतदाराचा मनोदय स्पष्ट असला की पुरे. घडी घालताना ओली शाई दुसऱ्या नावापुढे उमटली तर? त्याचीही तजवीज आहे. शिक्क्यावरील फुलीच्या चारही बाणांची टोके एकाच अंगाने वळलेली असतात. घडीमुळे उठलेला ठसा आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटा दिसतो आणि त्यावरून मूळ ठसा ओळखता येतो. इतकी साधी युक्ती, पण तिने कितीतरी मते वाचविली असतील!

वॉर्डाच्या निवडणुकीत याला फार महत्त्व आहे. लोकसभेच्या निवडणुकीत शेदोनशे बाद मतपत्रिका सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. वॉर्डात मात्र जय आणि पराजय यांतील अंतर कधी कधी बाद मतांहूनही कमी असते. मुंबईत २०१७ साली २२० क्रमांकाच्या प्रभागात सुरेंद्र बागलकर व अतुल शहा यांची मते अगदी समसमान भरली. तेथे तर यंत्रे होती! अखेर चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या आणि कौल शहांना मिळाला. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघते त्याला एक मत अधिक पडले, असे कायदा मानतो.

आता निकालाच्या घोषणेविषयी. बाहेर गुलाल उधळला जातो, कोणीतरी आकडा ओरडतो, पण निवडणूक निर्णय अधिकारी जाहीर करीपर्यंत तो निकाल नव्हे. बेरजा सांगितल्यावर अधिकाऱ्याने क्षणभर थांबावयाचे असते, ते एवढ्याचसाठी की ज्याला शंका असेल त्याने कारणे देऊन फेरमोजणीचा लेखी अर्ज करावा. घोषणा झाल्यावर अधिकाऱ्याच्या हाती काही उरत नाही. मग न्यायालयाची पायरी चढावी लागते. प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्यांपैकी कित्येकांना हे ठाऊक नसते आणि मोक्याच्या वेळी ते चहाला गेलेले असतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्तीसगडमधील दहा महानगरपालिकांचे मतदान यंत्रांवर झाले. ग्रामपंचायतींसाठी मात्र कागदी मतपत्रिकाच राहिल्या. त्या वर्षी महापौरही थेट मतदारांनी निवडले. भिलाईत २०२१ च्या त्या गुरुवारी महापौर कोण, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ती निवड निवडून आलेल्या पार्षदांनी नंतर केली.