पीककर्जाच्या खात्यातून कापलेला ‘विमा’ नेमका कोणता?

खरीप २०२३ पासून दोन वर्षे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला पीकविम्यासाठी फक्त एक रुपया भरावा लागत होता. खरीप २०२५ पासून ही सवलत बंद झाली. आता खरीप पिकांसाठी संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के आणि कापूस, कांदा अशा नगदी पिकांसाठी ५ टक्के हप्ता शेतकऱ्याला द्यावा लागतो. या बदलाची चर्चा बहुतेक हप्त्याच्या ओझ्यापुरतीच झाली. त्याचा दुसरा परिणाम बँकेच्या खातेउताऱ्यात दिसतो.

एक रुपयाच्या काळात कर्जखात्यात ‘विमा हप्ता’ म्हणून आठ-दहा हजारांची नोंद दिसली, की ती पीकविम्याची नाही हे लगेच लक्षात येत असे. आता पीकविम्याचाही खरा हप्ता कापला जातो. त्याच्या शेजारी जीवन विमा, आरोग्य विमा किंवा अपघात विम्याची नोंद बसली, तर ती सहज नजरेआड होते. पाऊस दगा देतो, शेतकरी भरपाईची चौकशी करतो आणि तेव्हा कळते की मोठी रक्कम ज्या पॉलिसीसाठी गेली, तिचा पिकाशी संबंधच नाही.

दबाव कसा तयार होतो

कर्जाचे नवे-जुने करण्याचा काळ साधारण मार्च ते जून. याच काळात बियाणे, खते आणि मशागतीचा खर्च समोर असतो. कर्ज आठ दिवस लांबले तरी पेरणीचे गणित बिघडते. मार्चअखेर बँकांचे आर्थिक वर्ष संपते, म्हणजे शाखेची वार्षिक उद्दिष्टे पूर्ण करण्याची घाईही तेव्हाच असते. शेतकऱ्याची निकड आणि शाखेचे उद्दिष्ट एकाच टेबलावर समोरासमोर येतात.

‘विमा घ्या, नाहीतर कर्ज नाही’ असे उघडपणे क्वचितच म्हटले जाते. ‘पॉलिसी केली की फाइल लवकर पुढे जाईल’, ‘कर्जाच्या सुरक्षेसाठी हे लागतेच’, ‘सगळेच घेतात’ ही नेहमीची वाक्ये. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात विम्याचा प्रस्ताव अर्ज ठेवून सह्या घेतल्या जातात. कधी केवायसीचा म्हणून मागितलेला ओटीपी प्रत्यक्षात विम्याच्या संमतीचा असतो. पॉलिसी देण्याआधी विमा कंपनीकडून पडताळणीचा फोन आला, तर ‘सगळ्याला हो म्हणा’ असे आधीच सांगून ठेवलेले असते.

बँकेचा यात काय फायदा

तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्के दराने द्यावे लागते. या मर्यादेपर्यंत प्रक्रिया शुल्क, कागदपत्र शुल्क, पाहणी शुल्कही न घेण्याच्या सूचना २०१९ मध्ये बँकांना देण्यात आल्या. म्हणजे या कर्जावर शाखेला जादा शुल्काला वाव थोडा. विमा पॉलिसी विकली, की बँकेला विमा कंपनीकडून कमिशन मिळते. जीवन विम्याच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ते जास्त असते, म्हणून नवी पॉलिसी विकण्यावर भर असतो.

हा प्रश्न शेतकऱ्यांपुरता नाही. बँकांच्या शाखांतून चुकीच्या पद्धतीने विमा विकल्यामुळे ग्राहकासाठी कर्ज अप्रत्यक्षपणे महाग होते, हे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत बँकांच्या व्यासपीठावरच सांगितले होते. पीककर्जात त्याची झळ अधिक बसते, कारण इथे सरकारी व्याज सवलतच हप्त्यात वाहून जाते.

हिशेब करून पाहू

समजा १,५०,००० रुपये पीककर्ज मंजूर झाले आणि त्यातून १२,००० रुपये जीवन विम्याचा हप्ता कापला. हातात आले १,३८,००० रुपये, व्याज मात्र दीड लाखावर. ७ टक्के दराने वर्षाचे व्याज १०,५०० रुपये होते. वेळेत परतफेड केल्यास केंद्राची ३ टक्के सवलत, म्हणजे ४,५०० रुपये वाचतात आणि व्याज ६,००० रुपयांवर येते.

आता हप्ता धरला, तर वर्षाचा खर्च ६,००० अधिक १२,००० म्हणजे १८,००० रुपये. हातात आलेल्या रकमेवर तो सुमारे १३ टक्के होतो. कागदावर ४ टक्क्यांचे कर्ज, खिशाला १३ टक्क्यांचे. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उरलेले व्याज माफ झाले, तरी १२,००० रुपये गेलेलेच असतात.

शिवाय अशा बहुतेक पॉलिसी अनेक वर्षांच्या असतात. पुढच्या वर्षी हप्ता भरता आला नाही तर पॉलिसी बंद पडते आणि भरलेले पैसे पूर्ण परत येत नाहीत.

पीकविमा ओळखण्यासाठीही हाच हिशेब कामाला येतो. दीड हेक्टर सोयाबीन आणि हेक्टरी ५०,००० रुपये संरक्षित रक्कम धरली, तर एकूण ७५,००० रुपयांवर २ टक्क्यांनी हप्ता जास्तीत जास्त १,५०० रुपये होतो. त्याच क्षेत्रात कापूस आणि हेक्टरी ६०,००० रुपये धरले, तर ५ टक्क्यांनी ४,५०० रुपये. यापेक्षा बरीच मोठी रक्कम कापली असेल, तर ती दुसऱ्या कुठल्यातरी विम्याची आहे.

सक्तीचे काय, ऐच्छिक काय

- पीकविमा : प्रधानमंत्री पीक विमा योजना कर्जदारांसाठी खरीप २०२० पासून ऐच्छिक आहे. मात्र सहभाग नको असेल, तर अंतिम तारखेच्या किमान सात दिवस आधी बँकेला लेखी कळवावे लागते. न कळवल्यास हप्ता आपोआप कापला जातो.
- जीवन, आरोग्य, अपघात विमा : किसान क्रेडिट कार्ड योजनेत मालमत्ता, अपघात आणि आरोग्य विमा हा कार्डधारकाचा पर्याय आहे. त्यासाठी अर्ज करतानाच शेतकऱ्याला माहिती देऊन त्याची संमती घेणे अपेक्षित आहे. जीवन विमा घेण्याची अटही या योजनेत नाही.
- ट्रॅक्टर : मोटार वाहन कायद्यानुसार त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा आहे. कंपनी कोणती निवडायची, हे मालक ठरवतो.
- बचत गट व मायक्रोफायनान्स : रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार मायक्रोफायनान्स कर्जासोबतचे विम्यासारखे उत्पादन पूर्णपणे ऐच्छिक असते. त्याचे शुल्क कर्ज कार्डावर, कर्जदाराला समजेल अशा भाषेत नोंदवावे लागते.

‘तारण म्हणून विमा हवा’ हे कारण छोट्या कर्जाला लागू होत नाही. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपयांपर्यंतचे कृषी कर्ज विनातारण आहे. बँकेच्या सेवेची आणि विमा खरेदीची थेट किंवा आडवळणाने सांगड घालू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. विमा कंपनीने बँक कर्मचाऱ्याला रोख किंवा वस्तूरूपात प्रोत्साहन देण्यासही मनाई आहे.

शाखेत काय करावे

१. कर्जाच्या अर्जासोबतच एक साधे पत्र द्यावे : ‘माझ्या पीककर्ज खात्यातून पीकविम्याशिवाय इतर कोणत्याही विम्याचा हप्ता माझ्या स्वतंत्र लेखी संमतीशिवाय वजा करू नये.’ पीकविमाही नको असेल, तर त्याचे पत्र वेगळे द्यावे. दोन्हींची पोच शिक्क्यासह घ्यावी.

२. सही करण्याआधी प्रत्येक कागदावरील नाव पाहावे. बँकेऐवजी विमा कंपनीचे नाव असेल, तर तो कागद बाजूला ठेवावा. ओटीपी देण्याआधी संदेश पूर्ण वाचावा किंवा घरातील वाचणाऱ्याला दाखवावा.

३. ‘विमा सक्तीचा आहे’ असे सांगितल्यास वाद घालू नये. ‘हे लेखी द्या, कर्ज नाकारत असाल तर त्याचे कारणही लेखी द्या’ एवढेच म्हणावे. सक्ती नियमात नसल्याने ती लेखी देणे शाखेला अवघड जाते.

४. कर्ज जमा झाल्यावर आठवड्याच्या आत खातेउतारा घ्यावा आणि ‘विमा’ असलेली प्रत्येक नोंद विचारून घ्यावी. पीकविम्याची नोंद झाली का, कोणत्या पिकाची झाली, हे १४४४७ या मदत क्रमांकावर तपासता येते. शेतात पेरलेले पीक आणि बँकेने नोंदवलेले पीक वेगळे असेल, तर अंतिम तारखेआधी दुरुस्ती करून घ्यावी.

पॉलिसी आधीच गळ्यात पडली असेल तर

जीवन आणि आरोग्य विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा खर्च वजा करून उरलेला हप्ता परत मिळतो. अर्ज विमा कंपनीकडे करावा, प्रत बँकेला द्यावी. पैसे कर्जखात्यातून गेले असतील, तर तिथेच जमा करण्याची मागणी करावी.

मुदत उलटली असेल किंवा संमतीच घेतली नसेल, तर आधी शाखेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही या लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. महाराष्ट्रात असंख्य शेतकऱ्यांचे पीककर्ज याच बँकांकडून येत असल्याने हा बदल महत्त्वाचा आहे. गावच्या विकास सोसायटीविरुद्धची तक्रार मात्र तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करावी. विमा कंपनीविरुद्ध ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

विमा हवा असेल तर

कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्जाचा भार कुटुंबावर येतो, म्हणून संरक्षणाची गरज खरीच आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, वयोमर्यादा १८ ते ७०. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा मिळतो, प्रवेशाचे वय १८ ते ५०. दोन्ही मिळून ४५६ रुपये. याशिवाय गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याने हप्ता न भरताही अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. मोठी पॉलिसी घ्यायची असेल, तर ती पीक हाती आल्यानंतर, दोन-तीन कंपन्यांची तुलना करून घ्यावी.

कृषी सहायक आणि गटांच्या समन्वयकांनी खरीपपूर्व बैठकीत बियाणे प्रक्रियेसोबत या विषयाला दहा मिनिटे द्यावीत. संमतीपत्राचा नमुना वाटावा, तालुक्यातील मुख्य पिकांची संरक्षित रक्कम आणि हप्ता फळ्यावर लिहून ठेवावा. आपल्या पिकाचा हप्ता किती, हे आधीच माहीत असलेला शेतकरी खातेउताऱ्यातील चुकीची नोंद स्वतः ओळखू शकतो.